भार सांगायचा राहिला

शनिवारी सकाळी आगरदांड्याच्या जेट्टीवरून दिनानाथकाकांचा फोन आला, तेव्हा अलिबागच्या ऑफिसात मृणाली एकटीच होती. आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघीला माणसं आणि गाड्या नेणारी फेरीबोट आहे, तिची तिकिटं दिनानाथकाका देतात. त्यांच्या हातातल्या मशीनमधला प्रोग्राम मृणालीच्या कंपनीने लिहिलेला. मशीन अडलं की काका दुसऱ्या कुणाला विचारत बसत नसत, थेट तिलाच फोन लावत.

"ताई, मशीन मरतंय," ते म्हणाले. "जनावरांचं बटण दाबलं, तिकीट आलं. पण 'गाडी चढली' दाबलं की बंद. आपोआप परत चालू होतं, पण मागच्या सगळ्या गाड्या विसरतं."

विसरतं म्हणजे काय, ते मृणालीला लगेच कळलं. बोटीवर एकेक गाडी चढते तसा मशीन तिचा भार मागच्या बेरजेत मिळवत जातं, आणि शेवटचा आकडा बघून सारंग, म्हणजे बोट चालवणारा, बोट सोडतो. मशीन बंद पडलं की बेरीज शून्यावर. मग काकांनी पहिल्या स्कूटरपासून सगळं पुन्हा भरायचं, आणि जनावरांपाशी आलं की पुन्हा तेच. अडली होती ती किहीमच्या अंबाजीची गाडी. टेम्पोत शर्यतीचे दोन बैल होते आणि श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर शर्यत होती. मागे पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, ते फोनवरही ऐकू येत होते.

मृणालीने सांगितलं, साधा टेम्पो म्हणून भरा आणि सोडा. काकांनी ते सारंगाच्या कानावर घातलं. सारंग ऐकेना. मला डोळ्यांना दोन बैल दिसतायत आणि मशीन म्हणणार रिकामा टेम्पो, उद्या काही झालं तर विचारणार कुणाला, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी टेम्पो मागे घेतला आणि बोट त्याला सोडून गेली. पुढच्या फेरीला सारंगाने अंदाजाचा आकडा हाताने लिहिला आणि बैलांना नेलं, पण अंबाजी पोचेपर्यंत त्याचा गट पळून झाला होता. बैल जुंपल्याशिवायच त्याला माघारी आणावे लागले. संध्याकाळी तो फेरीच्या मालकाकडे गेला, आणि मालकाने विपुलसरांना फोन केला.

विपुलसर म्हणजे कंपनीचे मालक. कंपनी म्हटलं तर वाटेल इतकी मोठी नाही. खाली त्यांच्या भावाचं हार्डवेअरचं दुकान, वर दोन खोल्यांत ही मंडळी. व्यापारी घरातला हा पहिलाच माणूस कॉम्प्युटरकडे वळलेला. फेरीच्या प्रोग्रामचा पहिला साचा त्यांनीच लिहिला होता, त्यामुळे त्यात कुणी काही बिघडवलं तर त्यांना स्वतःच्या घरात चिखलाचे पाय उठल्यासारखं वाटे.

सोमवारी त्यांनी साक्षीला समोर बसवलं. जनावरांच्या गाडीचा भाग तिने लिहिला होता. साक्षी म्हसळ्याची. वडील भागोजी भातशेती करायचे आणि हंगाम संपला की एका कारखान्यात कामाला जायचे. पोरगी कॉलेज संपवून अलिबागेत मावशीकडे राहून ही पहिलीच नोकरी करत होती. महिना संपला की तिला कायम करायचं ठरलेलं. विपुलसर आवाज चढवत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की बटण देण्याआधी तपासलं होतंस का. तिने तिकीट छापून बघितलं होतं. बोटीवर गाडी चढवून बघितली नव्हती.

"पण सर, कंपायलरने एरर दिला नव्हता," साक्षी म्हणाली. "वॉर्निंगसुद्धा नाही."

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा. उतरवताना तो चुका पकडतो, आणि चूक असेल तर काम पुढे नेत नाही.

"कंपायलर चुकला असं सांगणारी मुलं मी खूप पाहिली," विपुलसर म्हणाले. "चुकलेला कंपायलर अजून पाहिलेला नाही."

मृणाली तिथेच बसली होती आणि तिलाही तसंच वाटलं. नवखेपणी तीही एकदोनदा असं बोलून हसं करून घेऊन बसली होती. शिवाय साक्षीचं काम मंजूर करताना तिने ते वाचलं होतं आणि तिलाही त्यात वावगं दिसलं नव्हतं, तेव्हा तिने गप्प राहणंच पसंत केलं. निकाल लागला तो असा: मृणालीने दुरुस्ती करावी, साक्षीने फेरीचं काम सोडून रिसॉर्टच्या बिलांचं बघावं, आणि कायम करण्याचं नंतर पाहू.

साक्षी रडली वगैरे नाही. तिने आपली खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी नेऊन ठेवली.

दुपारी मृणाली दुरुस्तीला बसली. प्रोग्रामची रचना अशी होती. जेट्टीवर 'वाहन' नावाचं काही कधी येत नाही. रिक्षा येते, ट्रक येतो, वऱ्हाडाची बस येते. 'वाहन' हे नुसतं नाव, पण प्रोग्रामात त्या नावाने एक अट घातलेली असते, की माझ्या नावाखाली जो कुणी येईल त्याने आपला भार सांगितलाच पाहिजे. कसा मोजायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. अशा नुसत्या अटी घालणाऱ्या नावाला अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास म्हणतात. अट पुरी केल्याशिवाय कुणी गाडी म्हणून उभा राहायला लागला, तर त्याला तिथेच अडवणं हे कंपायलरचं काम. ती गाडी जेट्टीपर्यंत जाताच कामा नये.

साक्षीने जनावरांची गाडी दोन बाजूंनी जोडली होती. एका बाजूला 'मालवाहू', तो अट घालणारा. दुसऱ्या बाजूला 'जनावर'. पायी येणाऱ्या शेळ्यामेंढ्यांसाठी ते आधीच लिहिलेलं होतं आणि त्यात भार मोजून देणारा, भार याच नावाचा एक तुकडा, म्हणजे फंक्शन, तयारच होतं. जनावरांकडून भार आयता मिळतोय, तेव्हा मालवाहूची अट आपोआप पुरी झाली, असा साक्षीने हिशेब केला. कॉलेजात ती जावा नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकली होती आणि तिथे असं काहीसं चालून जातं. मशीनचा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये होता आणि तिथे हे चालत नाही. दोन घरांत एकाच नावाची पोरं असली, म्हणून एका पोराची हजेरी दुसऱ्याला लागत नाही, त्यातला प्रकार.

चूक सापडली, दुरुस्तीही सोपी होती. मृणालीने बोटं कीबोर्डवर ठेवली आणि तिथेच थांबली. अट पुरी झालेली नव्हती, तर मग हे कंपाइल झालं कसं? तिने मुद्दाम साक्षीचाच प्रोग्राम जसाच्या तसा पुन्हा कंपायलरला दिला. तो एक शब्द न बोलता पास झाला. मग तिने जनावरांची बाजू काढून नुसतं 'मालवाहू' ठेवलं. आता कंपायलरने लगेच अडवलं: भार सांगितलेला नाही, गाडी करता येणार नाही. बाजू परत जोडली की पुन्हा गप्प.

मृणाली उठून खिडकीपाशी गेली.

"साक्षी, तुझा कंपायलर खरंच बोलला नाही," ती म्हणाली. "जरा ये इकडे."

पुढचे दोन दिवस दोघी रिकाम्या वेळात त्यामागे लागल्या. मशीनसोबत मशीन बनवणाऱ्या कंपनीचाच कंपायलर आला होता. त्याची कुणाला ओळख ना पाळख. प्रोग्राम दुसऱ्या कंपायलरवर घालून बघावा तर प्रिंटर, बॅटरी, बटणं असं मशीनचं सगळं लटांबर त्यात गुंतलेलं. म्हणून एकेक गोष्ट काढत जायचं ठरलं. तिकीट काढलं, भाडं काढलं, फेऱ्या काढल्या. प्रत्येक वेळी बघायचं, मशीन अजून मरतंय का. मरत असेल तर काढलेलं बिनमहत्त्वाचं होतं असं समजायचं. साक्षीला हे काम फार चांगलं जमलं. मृणाली घाईने दोन गोष्टी एकदम काढायची आणि मग कुठली कारणीभूत ते कळायचं नाही. साक्षी एक काढायची, तपासायची, मगच दुसरीला हात लावायची.

त्यात मध्येच एकदा, स्क्रीनवरची नजर न काढता साक्षी म्हणाली, की शनिवारी ती त्याच बोटीवर होती.

मृणालीला आधी उलगडा होईना. मग लक्षात आलं, साक्षीने शनिवारी रजा घेतली होती आणि म्हसळ्याला जायला तिला हीच वाट जवळची. ती पायी चढून कठड्याशी उभी राहिली होती. खाली काका मशीन हातावर आपटत होते, अंबाजी टेम्पोच्या फळीवर चढून बैलांच्या पाठीवर पाणी मारत होता. बटण आपलं आहे हे तिला पहिल्याच वेळी कळलं होतं.

"उतरून सांगायला हवं व्हतं मी," ती म्हणाली. ऑफिसात ती जपून बोलायची, पण आता गावची भाषा तोंडात आली होती. "साधं सांगायचं, काका, ह्ये माझं काम हाय, माझ्याकडं द्या. पाय हलला न्हाय. मग बोट सुटली आणि टेम्पो तिथंच उभा राहिलेला मी लांब जाईपर्यंत बघत व्हते."

उतरून तरी तू काय केलं असतंस, मशीन तुझ्याच्याने तिथे दुरुस्त झालं नसतं, असं मृणालीने तिला समजावलं. खरं म्हणजे ते साक्षीलाही माहीत होतं. मग साक्षीने पुढची ओळ काढली आणि कंपाइल केलं.

शेवटी उरल्या त्या ओळी एका नजरेत मावतील इतक्याच होत्या. एक अट घालणारा, एक त्याच नावाचं फंक्शन बाळगणारा, आणि दोघांना जोडणारा तिसरा. मशीनच्या कंपायलरने त्या निमूट घेतल्या आणि प्रोग्राम चालवताच पडला. त्याच ओळी मृणालीने आपल्या लॅपटॉपवर साध्या कंपायलरला दिल्या, तर त्याने उंबऱ्यावरच अडवलं आणि कुठल्या ओळीत कुणाची अट राहिली तेही सांगितलं. मशीनचा कंपायलर नुसतं नाव बघत होता. भार नावाचं काहीतरी दिसलं की अट पुरी झाल्याची खूण करत होता, आणि भार सांगायची खरी जागा मात्र रिकामीच सोडत होता. चालताना मशीन त्या रिकाम्या जागेवर पाय टाकायचं आणि कोसळायचं.

विपुलसरांना मृणालीने बोलून सांगितलं नाही. लॅपटॉप आणि मशीन दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांनाच चालवायला दिलं. त्यांनी तीनदा चालवून बघितलं. मग ओळी वाचल्या, बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखं.

"पण हे मुळात चुकीचंच लिहिलंय," ते म्हणाले.

"हो," मृणाली म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला. मशीनवाल्यांना कळवा, म्हणाले. साक्षीची खुर्ची खिडकीपाशीच राहिली.

मशीनवाल्या कंपनीचा इथला माणूस आधी म्हणाला, कंपायलर काढून पुन्हा घाला. घातलं. फरक पडला नाही. मग मृणालीने त्या थोड्या ओळी त्यांच्या इंजिनिअरांना पाठवल्या. चारआठ दिवसांनी उत्तर आलं, अगदी अदबीने लिहिलेलं, की तुमच्या प्रोग्राममध्ये चूक आहे, अमुक क्लासने अट पुरी केलेली नाही, ती करावी म्हणजे अडचण दूर होईल. सोबत दुरुस्त करूनही दिलं होतं. विषय त्यांच्याकडून मिटला.

मृणालीला संताप आला. तिने लांबलचक उत्तर लिहायला घेतलं, नियमांचे दाखले दिले, दुसऱ्या कंपायलरांची नावं घातली, आणि वाचून बघितलं तर ते भांडणासारखं दिसत होतं. साक्षी मागे उभी राहून वाचत होती.

"चूक आमचीच हाय, ह्ये आधी लिहा ना," ती म्हणाली. "माझीच हाय. आणि चाललं असतं तरी टेम्पोचं वजन कुठं धरलं व्हतं मी? नुसते बैलच मोजले असते. पण चूक हाय हे सांगणं त्यांच्या कंपायलरचं काम. त्यानं सांगितलं न्हाय, एवढीच तक्रार."

टेम्पोच्या वजनाचं मृणालीच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने लिहिलेलं सगळं पुसलं आणि खुर्चीवरून उठून साक्षीला बसवलं. साक्षीने तीन वाक्यं लिहिली. प्रोग्राम चुकीचा आहे हे आम्हाला मान्य आहे. तुमच्या कंपायलरने तो नाकारायला हवा होता. तो नाकारत नाही, ही आमची तक्रार आहे.

त्याला उत्तर दुसऱ्याच कुणाकडून आलं, आणि लवकर आलं. ही चूक आमची आहे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल, कळवल्याबद्दल आभार. एवढंच. विपुलसरांनी ते वाचलं आणि साक्षीची खुर्ची खिडकीपाशी का आहे, असं विचारलं. तिने ती परत जागेवर आणली. आपण काय म्हणालो होतो आणि काय निघालं, याबद्दल ते बोलले नाहीत, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही कुणी ठेवली नव्हती. महिनाअखेर मात्र त्यांनी तिला कायम केल्याचं पत्र दिलं, आणि देताना म्हणाले, की यापुढे बोटीवर गाडी चढवून बघितल्याशिवाय एकही बटण बाहेर जाणार नाही, मग ते तिचं असो की मृणालीचं.

कंपायलरची नवी आवृत्ती आली तेव्हा मृणालीने जुना सगळा प्रोग्राम तिच्यावर पुन्हा कंपाइल करून बघितला. साक्षीचा भाग दुरुस्त झालेला होता, तेव्हा काही निघेल असं वाटलं नव्हतं. कंपायलरने दुसरीच एक गाडी अडवली. पाण्याचा टँकर. दोन बाजूंनी जोडलेला, भार एकीकडून उसना घेतलेला, अट तशीच राहिलेली. तो पहिल्या साच्यातला होता, म्हणजे विपुलसरांच्या हातचा. मशीन आल्यापासून टँकर असा कधी बोटीवर चढलाच नव्हता, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

मृणालीने त्यांना बोलावलं. ते आले, वाचलं, आणि तिला बाजूला व्हायला सांगून स्वतः दुरुस्त केलं. साक्षी आपल्या जागेवरून बघत होती. विपुलसरांनी कंपाइल केलं, ते पास झालं, मग त्यांनी तिच्याकडे मान वळवली.

"पाण्याने भरलेला टँकर आणि रिकामा टँकर, भार वेगळा धरायचा का?" त्यांनी विचारलं.

"धरायला लागेल, सर," साक्षी म्हणाली. "दोन बटणं करू."

नवा प्रोग्राम मशीनांत भरायला दोघी आगरदांड्याला गेल्या तो शुक्रवार होता. साक्षी दुसऱ्या दिवशीची रजा टाकून आली होती, काम झालं की बोटीने पुढे घरी जाणार होती. दिनानाथकाकांनी चहा मागवला. त्यांना यातलं सविस्तर ऐकायचं नव्हतं, मशीन मरणार नाही ना, एवढंच हवं होतं. अंबाजीचं त्यांनीच सांगितलं. मागच्या शर्यतीला तो बैल घेऊन जमिनीच्या रस्त्याने पार वळसा घालून गेला. काकांनी फोन करून सांगितलं होतं त्याला, मशीन नवं होतंय म्हणून. तो म्हणाला, मशीन नवं असेल, बैल माझे आहेत. मृणालीने त्याला फोन करून माफी मागितली होती, तीही त्याने शांतपणे ऐकून घेतली होती. पण गिऱ्हाईक गेलं ते गेलं.

जनावरं त्या दिवशी कुठून आणणार. पण काकांच्या ओळखीचा एक माणूस दोन म्हशी घेऊन पलीकडे निघाला होता, त्याला त्यांनी थांबवलं. टेम्पो उतारावरून बोटीवर चढला. साक्षीने स्वतः बटण दाबलं, तिकीट आलं, मग 'गाडी चढली' दाबलं. मशीन चालूच राहिलं. आकडा आला, टेम्पोचा आणि म्हशींचा मिळून. सारंगाने वाकून बघितला, म्हशींकडे बघितलं, आणि बरोबर आहे अशा अर्थी हात केला.

मशीन परत देताना साक्षी काकांना म्हणाली, "काका, त्या दिवशी ते बटण माझं व्हतं. मी बोटीवरच उभी व्हते, पण खाली आले न्हाय."

काका तिकिटांचा कागद मशीनमध्ये बसवत होते. ते त्यांनी आधी पुरं केलं.

"त्या दिवशी आली असतीस तर अंबाजी तुलाच ओरडला असता," ते म्हणाले. "आता काय, आता सांगितलंस. चढ, बोट सुटते."

साक्षी चढली. मृणाली जेट्टीवर थांबली, कारण अजून दुसरं मशीन भरायचं बाकी होतं आणि रांगेत रिक्षा होती, ट्रक होता, एक मिनीबस होती. तिने काकांना सांगितलं, की प्रत्येक गाडीला थांबवून एकेकदा बटण दाबू या, लोक चिडले तरी चालेल. काका म्हणाले, लोक असेही चिडतातच. मग त्यांनी हात वर करून पहिल्या रिक्षेला पुढे घेतलं.